रेडकाकडं बघा, मंडळी

नमस्कार मंडळी. धारा काढून डेअरीला दूध घालून आत्ता चहा घेत बसला असाल, तर आज दुधाबद्दल नाही, गोठ्याच्या कोपऱ्यात बांधलेल्या रेडकाबद्दल बोलूया. आपल्या कोल्हापुरात म्हशीचं कौतुक केवढं, दिवाळीत शिंगं रंगवून मिरवणूक काढतो, गंगावेशीत उभं राहून धारोष्ण दूध पितो, आणि जी रेडी उद्या म्हैस होणार तिच्याकडं बघायला मात्र कुणाला टाईम नसतो, हे मला मनापासून खटकतं.

सुरुवात चिकापासनं, म्हणजे म्हैस व्यायल्यावरच्या पहिल्या दुधापासनं. पोटात असताना आईची रोगप्रतिकारशक्ती वारेतनं (गर्भाला आईशी जोडणारी, व्यायल्यावर पडणारी ती वार) रेडकाला मिळतच नाही, ती मिळते चिकातनं, आणि ती शोषून घ्यायची आतड्याची ताकद तासातासाला कमी होत 24 तासांत जवळजवळ संपते. आणि आपल्याकडं काय करतात, वार पडल्याशिवाय पाजायचं नाही म्हणून थांबतात. तेवढ्यात मोलाचे तास गेले की हो! उलट रेडकू आचळाला लागलं की वार पडायला मदतच होते. 30 किलोचं रेडकू असेल तर दोन तासांच्या आत दीड लिटर आणि पहिल्या दिवसात तीन लिटर चीक त्याच्या पोटात गेलाच पाहिजे, खरवस त्यातनं उरला तर करा. नाळेला टिंक्चर आयोडीन लावा. आणि जंताचं औषध दहा-पंधरा दिवसांतच डॉक्टरांना विचारून द्या, कारण रेडकातले मोठे जंत आईच्या दुधातनंच येतात, बाहेरचं काही खाल्लं नाही म्हणून जंत नसतील असं धरू नका.

आता पोटाचं. म्हशीच्या पोटाला चार कप्पे, त्यातला चारा आंबवणारा मोठा कप्पा म्हणजे कोठीपोट. जन्मलेल्या रेडकाचं कोठीपोट नावालाच असतं, दूध सरळ चौथ्या कप्प्यात जातं. कोठीपोट वाढतं ते रेडकू खायला लागल्यावर, आणि त्यात नुसत्या वैरणीपेक्षा भरड्याचं काम मोठं, धान्य आंबून जी आम्लं तयार होतात त्यानं आतल्या भिंतीवर टर्किश टॉवेलसारखी लव वाढते आणि चारा अंगी लागतो. म्हणून दुसऱ्या आठवड्यापासनं मूठभर काफ स्टार्टर, म्हणजे वासरांसाठीचा भरडा, आणि स्वच्छ पाणी समोर ठेवा, तिसऱ्या महिन्यापर्यंत पोट तयार होतं. नुसतं वाडं, म्हणजे उसाचे शेंडे, टाकून रेडी वाढत नाही. कारखाने सुरू झाले की आपल्याकडं वाड्याशिवाय दावणीत काही दिसत नाही, पण त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम धरून ठेवतं, हाडं भरायच्या वयात हे परवडायचं नाही. मिनरल मिक्श्चर द्याच, सोबत थोडी कडवळ (ज्वारीचा हिरवा चारा) किंवा लसूणघास असू दे.

रेडी माजावर येते ती वयावर नाही, वजनावर. मुऱ्हा जातीची रेडी 300 किलोच्या आसपास गेली की भरवायची, म्हणजे गाभण करून घ्यायची. म्हणजे 30 वरनं 270 किलो वाढवायचं, रोज 400 ग्रॅमनं वाढली तर 22 महिने लागतात, 200 ग्रॅमनं वाढली तर 44, वर गाभणपणाचे दहा महिने आहेतच. पावणेदोन वर्षं जास्त फुकट खाऊ घातलं म्हणायचं, आणि ते पहिल्या तीन महिन्यांत दूध वाचवण्याच्या नादात! पंढरपुरी जात अंगानं लहान, तिला कमी वजन चालतं.

काटा नसला तरी टेप आहे की घरात. पुढच्या पायांच्या मागनं छातीचा घेर इंचात मोजा, त्याला त्याच घेरानं गुणा, मग खांद्यापासनं माकडहाडापर्यंतच्या लांबीनं गुणा आणि 660 नं भागा, वजन किलोत येतं. घेर 60, लांबी 50, तर साधारण 272 किलो. दर महिन्याला वैरण टाकायच्या आधी मोजून भिंतीवर खडूनं लिहा. आणि 300 च्या जवळ आली की पहाटे आणि रात्री गोठ्यात चक्कर मारा, रेडीचा माज बऱ्याचदा मुका असतो, ओरडत नाही, नुसता सोट, म्हणजे मागनं येणारा चिकट स्राव, दिसतो, तो दिसला की डॉक्टरांना फोन लावा.