अभियंता अधिकारी होतो तेव्हा

(दृश्य : महाडजवळ सावित्री नदीवरचा नवा पूल.)

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीला आलेल्या पुरात मुंबई-गोवा महामार्गावरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल वाहून गेला आणि त्याच्याबरोबर एसटीच्या दोन गाड्या व इतर वाहनेही नदीत गेली. त्या जागी आज दिसणारा हा पूल १६५ दिवसांत बांधून झाला आणि जून २०१७ मध्ये वाहतुकीसाठी खुला झाला. पूल बांधण्याची विद्या त्या १६५ दिवसांत कोणी नव्याने शोधून काढली नव्हती. एरवी एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाताना महिने घेणारे निर्णय त्या वेळी वेळेवर झाले, एवढाच काय तो फरक होता, आणि तो फार मोठा होता.

महाडच्या त्या दुर्घटनेनंतर जवळपास नऊ वर्षांनी, १५ जून २०२५ रोजी, मावळातील कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीसह कोसळला आणि चार जणांचा जीव गेला. पूल धोकादायक असल्याचा फलक तेथे लावलेला होता आणि नव्या पुलाला मंजुरीही मिळालेली होती. पुलाची अवस्था माहीत नव्हती, असे म्हणण्याची सोय येथे नाही. जे माहीत आहे ते वेळेत घडवून आणणे, हे व्यवस्थापनाचे आणि नेतृत्वाचे काम आहे, आणि आपल्या अभियंत्यांना ते कोण शिकवते, हा या माहितीपटाचा विषय आहे.

(दृश्य : उपविभागीय कार्यालय. टेबलावर नकाशे, मोजमाप पुस्तिका, निवेदनांचा गठ्ठा.)

सार्वजनिक बांधकाम विभागात रुजू होणारा तरुण स्थापत्य अभियंता तुळईवरचा भार अचूक काढू शकतो. मात्र काही वर्षांनी तो उपविभागाचा प्रमुख झाला की त्याच्या दिवसातला फार थोडा वेळ तुळईच्या वाट्याला येतो. रस्त्याच्या रुंदीकरणात जाणाऱ्या जमिनीच्या मोबदल्यासाठी अडून बसलेला शेतकरी, खांब हलवण्यासाठी महावितरणशी चाललेला पत्रव्यवहार, वन विभागाची परवानगी, देयक थकले म्हणून काम मंदावलेला कंत्राटदार, विधानसभेच्या तारांकित प्रश्नाचे आजच्या आज पाठवायचे उत्तर आणि लेखापरीक्षणातील हरकती, या सगळ्यांतून वाट काढत त्याला पावसाळ्याआधी रस्ता पूर्ण करायचा असतो. हाताखालच्या कनिष्ठ अभियंत्याचे मनोधैर्य राखायचे असते आणि चुकीच्या गोष्टीला नाही म्हणण्याचे बळही टिकवायचे असते. पदवीच्या अभ्यासक्रमात यातले फारसे काही नसते. पदोन्नतीचा आदेश हातात पडतो त्या दिवशी हे सारे त्याला आपोआप येईल, असे आपण गृहीत धरतो, आणि हे गृहीतक मला अन्यायकारक वाटते, त्या अभियंत्यावरही आणि त्या रस्त्यावरून जाणाऱ्यांवरही.

खरे तर सार्वजनिक कामांसाठी माणसे घडवण्याची महाराष्ट्रातील परंपरा जुनी आहे. पुण्यातील अभियांत्रिकी महाविद्यालय, म्हणजे आजचे सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठ, १८५४ मध्ये सुरू झाले, ते बांधकाम खात्याला हाताखालचे प्रशिक्षित कर्मचारी मिळावेत म्हणूनच. याच संस्थेतून शिकलेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात सहायक अभियंता झाले. खानदेशात पांझरा नदीच्या परिसरात नळाच्या सायफनचे, म्हणजे प्रवाहाखालून पाणी नेणाऱ्या नळाचे, काम त्यांच्याकडे आले, तेव्हा पुराच्या दिवसांत ते पुढे ढकलावे, असे त्यांनी वरिष्ठांना कळवले. वरिष्ठांनी ही टाळाटाळ समजली, आणि विश्वेश्वरय्यांनी ते काम जिद्दीने पूर्ण करून दाखवले. या प्रसंगात त्यांच्या जिद्दीचे कौतुक नेहमी होते, पण कनिष्ठाची तांत्रिक शंका ऐकून घेण्याची सवय वरिष्ठाला लावणे हेही प्रशिक्षणच आहे, याकडे मात्र कमी लक्ष जाते. पुढे खडकवासल्याची स्वयंचलित दारे बसवणारे आणि नंतर म्हैसूरचे दिवाण झालेले विश्वेश्वरय्या अभियंता आणि प्रशासक अशा दोन्ही भूमिकांत सारख्याच ताकदीने वावरले.

(दृश्य : रत्नागिरीजवळचा पानवल नदीवरचा पूल, त्यावरून जाणारी गाडी.)

अधिकार वाटून दिले की माणसे कशी वाढतात, हे पाहायचे तर कोकण रेल्वेकडे पाहावे. हे काम बांधकाम खात्याचे नव्हते, पण धडा सर्व सार्वजनिक कामांना लागू आहे. १९९० मध्ये ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली महामंडळ स्थापन झाले. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत सुमारे ७४१ किलोमीटरच्या मार्गाचे सात विभाग केले गेले आणि प्रत्येकावर एक मुख्य अभियंता नेमून त्याला जागेवर निर्णय घेण्याचे अधिकार दिले गेले. साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा आणि ६४ मीटर उंचीचा पानवल पूल याच मार्गावर आहेत. मऊ मातीतून काढलेल्या काही बोगद्यांनी तर अभियंत्यांचा अंत पाहिला, कारण खोदलेली माती पुन्हा पुन्हा आत ढासळत असे. अशा वेळी मुख्यालयाच्या परवानगीची वाट पाहत बसणारा अधिकारी तेथे टिकला नसता. जोखीम त्याची होती, अधिकारही त्याचाच होता, आणि चूक झाली तर पाठीशी उभे राहणारे वरिष्ठ होते. २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्ग खुला झाला.

आपल्या बांधकाम विभागांत नेमकी याच जोडीची फारकत झालेली दिसते. जबाबदारी खालच्या पदावर येते आणि अधिकार वर राहतो. अशा रचनेत अभियंता निर्णय घेण्याऐवजी नस्ती वर पाठवायला शिकतो, आणि नेतृत्वाविषयीची कोणतीही व्याख्याने ही सवय मोडू शकत नाहीत.

नाशिकला महाराष्ट्र अभियांत्रिकी प्रशिक्षण प्रबोधिनी, म्हणजेच मेटा, आहे. पुण्याला शासकीय अधिकाऱ्यांना प्रशिक्षण देणारी यशदा आहे. संस्था आहेत आणि त्यांची गरजही आहे. परंतु वर्गातील प्रशिक्षणाला खरा अर्थ येतो तो कामाच्या जागी. कनिष्ठ अभियंत्याने नोंदवलेली मोजमापे तपासण्यासाठी वरिष्ठाने स्वतः रस्त्यावर जाणे नियमाने अपेक्षित आहे. तेथे केवळ आकडे पडताळून सही करायची, की खडीचा थर हाताने उकरून दाखवत, हा कंत्राटदार कुठे बचत करतो आणि त्याच्याशी भांडण न करता काम कसे सुधारून घ्यायचे, हे सांगायचे, यावर पुढचा उपअभियंता कसा घडेल हे ठरते. माझ्या मते खात्यातील सर्वांत मोलाची शाळा हीच आहे, आणि ती चालवण्यासाठी वेगळा निधी लागत नाही. वरिष्ठाच्या मूल्यमापनात, त्याने किती माणसे तयार केली, याची नोंद मात्र व्हायला हवी.

(दृश्य : पदभार हस्तांतरणाची कागदपत्रे.)

बदल्यांच्या २००५ च्या कायद्यानुसार अधिकाऱ्याचा एका पदावरील सर्वसाधारण कार्यकाळ ३ वर्षांचा आहे. तीन वर्षांत कार्यकारी अभियंत्याला रस्त्याखालच्या कोणत्या मोरीत पाणी तुंबते, कोणत्या गावाशी कसे बोलावे लागते, कोणत्या पुलाच्या पायाची काळजी वाटते, हे कळू लागते, आणि मग तो जातो. पदभार सोपवताना नस्त्या आणि सामानाची यादी दिली जाते, हे अनुभवाने आलेले ज्ञान त्या यादीत नसते. जाणाऱ्या आणि येणाऱ्या अधिकाऱ्याने किमान एक आठवडा बरोबर राहून विभागातील प्रत्येक मोठा पूल पाहावा, आणि कोणता निर्णय का घेतला किंवा का थांबवला, याची लेखी टिपणे नव्या अधिकाऱ्याच्या हाती द्यावीत. हे शासनाच्या एका परिपत्रकाने येत्या पावसाळ्याआधी सुरू करता येण्यासारखे आहे.