तारणाची तारीख

[काळ्या पडद्यावर हातानं लिहिलेली एक चिठ्ठी]

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या एका चर्चमध्ये कलाप्रदर्शन भरलं होतं. विषय, शांतता. एका बाईंनी आपल्या कलाकृतीत महात्मा गांधींचं एक वाक्य घातलं होतं. लोक थांबत, वाचत, पुढे सरकत. मग कुणीतरी त्यावर चिठ्ठी चिकटवून गेलं. मजकूर एवढाच, की भ्रमात राहू नका, हा माणूस नरकात आहे.

चिठ्ठी लिहिणाऱ्याला लगेच दुष्ट ठरवू नका. योहानाच्या शुभवर्तमानात येशू म्हणतो, “माझ्या द्वारे आल्यावाचून पित्याकडे कोणी येत नाही.” इव्हँजेलिकल, म्हणजे बायबलला आणि येशूच्या वैयक्तिक स्वीकाराला सर्वोच्च मानणाऱ्या प्रोटेस्टंट ख्रिस्ती घरातलं मूल हे वाक्य ऐकतच मोठं होतं. गांधी तर त्या वाटेनं आले नाहीत. मग उत्तर उघड आहे, असं त्याला वाटलं असणार.

[जुनं छायाचित्रण: भरलेलं मैदान, मंचाकडे चालत येणारी माणसं]

या परंपरेत तारण, म्हणजे पापातून आणि नरकातून सुटका, ही एका क्षणी घडणारी गोष्ट आहे. कुळातून मिळत नाही, पुण्य साठवूनही मिळत नाही. प्रवचन संपतं, संथ गीत सुरू होतं आणि प्रवचनकार हाक देतो, पुढे या. मंचापाशी कुणीतरी खांद्यावर हात ठेवून एकेक वाक्य सांगतं, माणूस ते म्हणत जातो: मी पापी आहे, येशू माझ्यासाठी मेला, मी त्याला स्वीकारतो. मिनिटभराची प्रार्थना. घरी जाऊन कित्येक जण बायबलच्या पहिल्या पानावर त्या दिवसाची तारीख लिहून ठेवतात. पुढे कधी विश्वास डळमळला, तर ते पान उघडायचं.

पण तारखेचा अर्थच असा, की ज्याच्याकडे ती नाही तो बाहेर. बाहेर म्हणजे कुठे, हे जोनाथन एडवर्ड्स या पाळकानं 1741 साली अमेरिकेतल्या, आजच्या कनेक्टिकटमधल्या, एनफिल्ड गावात सांगितलं. आगीवर धाग्यानं लोंबकळणारा कोळी, तशी तुमची स्थिती आहे. लोक इतके रडू-ओरडू लागले, की त्याला मध्येच थांबावं लागलं.

[टल्सा शहर, ओक्लाहोमा]

कार्ल्टन पिअर्सन याच भीतीत वाढला. पिढीजात पेंटेकॉस्टल, म्हणजे पवित्र आत्म्याच्या थेट अनुभवावर भर देणाऱ्या, टाळ्या-गाण्यांनी उपासना करणाऱ्या ख्रिस्ती पंथातला, आणि ओरल रॉबर्ट्स या विख्यात प्रचारकाचा लाडका शिष्य. टल्सातल्या त्याच्या चर्चमध्ये पाच हजारांवर माणसं जमत, गोरी आणि काळी एकत्र.

नव्वदच्या दशकातली एक संध्याकाळ. समोर टीव्ही, मांडीवर तान्ही मुलगी. पडद्यावर रवांडाचे निर्वासित, पोटं फुगलेली मुलं. शिकवणीप्रमाणे ही मुलं मेली की थेट नरकात. पिअर्सन देवावर चिडला. तो सांगायचा, की आतून उलट प्रश्न आला: मी यांना नरकात टाकतोय असं तुला वाटतं? ती तर आधीच तिथं आहेत.

त्यानंतर तो व्यासपीठावरून सांगू लागला, की तारण सगळ्यांचंच झालंय, बहुतेकांना ते ठाऊक नाही इतकंच. 2004 मध्ये कृष्णवर्णीय पेंटेकॉस्टल बिशपांच्या परिषदेनं त्याला पाखंडी ठरवलं. मंडळी पांगली, हप्ते थकले, 2006 मध्ये इमारत जप्त झाली. मराठीत ‘तारण’ या एकाच शब्दाचे दोन अर्थ आहेत. पिअर्सनच्या बाबतीत एक वाटलं गेलं आणि दुसरं बुडालं.

[पुस्तकांच्या दुकानाची काच]

ती चिठ्ठी पाहिलेला पाळक होता रॉब बेल. 2011 मध्ये त्यानं त्याच प्रसंगापासून पुस्तक सुरू केलं: गांधी नरकात? कुणी खात्री करून आलंय का? पुस्तक दुकानात यायच्या आधीच जॉन पायपर या वजनदार पाळकानं ट्विटरवर तीन शब्द लिहिले, ‘फेअरवेल रॉब बेल’. पंगतीतून उठवणं म्हणतात ते हेच. वर्षभरात बेलनं स्वतःचं चर्च सोडलं.

व्यासपीठावरच्या माणसांना किंमत मोजावी लागली. बाकांवरची माणसं मात्र गुपचूप सरकत होती. प्यू या अमेरिकन संशोधन संस्थेच्या 2007 च्या पाहणीत इव्हँजेलिकल चर्चांच्या 57 टक्के सदस्यांनी सांगितलं, की अनेक धर्मांतून सार्वकालिक जीवन मिळू शकतं. पाळक म्हणाले, लोकांनी धर्म म्हणजे ख्रिस्ती धर्मातलेच वेगवेगळे पंथ असा अर्थ घेतला असेल. पुढच्या वर्षी नावं घेऊन विचारलं, तेव्हा असं मानणाऱ्यांपैकी बहुतेकांनी निदान एका बिगरख्रिस्ती धर्माला होकार दिला.

लिगोनियर आणि लाइफवे या अमेरिकेतल्या ख्रिस्ती संस्थांची 2022 ची पाहणी तर आणखी गमतीची. तिच्यात इव्हँजेलिकल म्हणून मोजलं जाण्याची एक अटच ही, की फक्त येशूवर भरवसा ठेवणाऱ्यालाच तारण, हे ठामपणे मान्य हवं. अशा लोकांपैकी 56 टक्के म्हणाले, देव सगळ्या धर्मांतली उपासना स्वीकारतो. याला गोंधळ म्हणणारे आहेत. मला मात्र त्यात शेजारी राहणारा मुसलमान दिसतो, यहुदी सून दिसते, आणि देवावरचा विश्वास सोडून गेलेला मुलगा. सिद्धांत तोंडपाठ असतो, पण या माणसांच्या नावापुढे ‘नरक’ लिहायला हात धजत नाही.

[पुन्हा टल्सा. शांत, उंच छताचं चर्च]

2008 मध्ये पिअर्सन उरलेली मंडळी घेऊन ऑल सोल्स या युनिटेरियन, म्हणजे ठरावीक सिद्धांताची सक्ती न करणाऱ्या उदारमतवादी पंथाच्या, चर्चमध्ये सामील झाला. तिथले लोक शांत बसून, विचारपूर्वक उपासना करणारे. नरक तर त्यांनी केव्हाच सोडलेला. आणि आता त्यांच्या शेजारी टाळ्या वाजवत, दोन्ही हात वर करून उभी राहिलेली ही पेंटेकॉस्टल माणसं, जुन्याच सुरात ‘हालेलूया’ म्हणत होती.