माईसाहेबांची साक्ष

सर्वांना सविनय जय भीम.

१४ ऑक्टोबर १९५६ चा दिवस नागपूरला नव्यानं सांगावा लागत नाही. आजी-आजोबांच्या तोंडून तो इथल्या घराघरांत पोहोचला आहे. महास्थविर चंद्रमणींकडून बाबासाहेबांनी त्रिशरण-पंचशील घेतलं, तेव्हा त्यांच्या शेजारी माईसाहेबही बौद्ध धम्माची दीक्षा घेत होत्या. पत्नी होत्याच, पण डॉक्टरही होत्या. हा माणूस आधाराशिवाय फार वेळ उभा राहू शकत नाही, हे त्या मंचावर त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं?

माईसाहेब म्हणजे डॉ. सविता आंबेडकर, माहेरच्या डॉ. शारदा कबीर. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकल्या आणि डॉ. मालवणकरांच्या हाताखाली काम करू लागल्या. बाबासाहेब तिथं उपचारासाठी आले ते मधुमेह, रक्तदाब आणि पायांच्या असह्य वेदना घेऊन. १५ एप्रिल १९४८ ला दिल्लीत दोघांचं लग्न झालं. आपल्या तब्येतीकडे बघायला जाणतं माणूस हवं आहे, हे बाबासाहेबांनी आपले सहकारी दादासाहेब गायकवाडांना आधीच मोकळेपणानं लिहून कळवलं होतं.

आता लग्नानंतरची कामं आठवा. ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधानाचा मसुदा संविधान सभेपुढे मांडला गेला. मग हिंदू स्त्रियांना वारसा आणि घटस्फोटाचे हक्क देऊ पाहणाऱ्या हिंदू कोड बिलाची झुंज. ऑगस्ट १९५१ मध्ये बाबासाहेब नेहरूंना लिहितात की डॉक्टरांना माझ्या प्रकृतीची काळजी वाटते, पण त्यांच्या स्वाधीन होण्याआधी हे बिल मार्गी लागलेलं मला हवं आहे. सप्टेंबरमध्ये त्यांनी कायदामंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुढे 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचं लेखन, आणि शेवटी नागपूर. हे सगळं एका आजारी शरीरानं केलं. पुतळ्यात ते शरीर दिसत नाही. माईंच्या आठवणींत दिसतं. म्हणून 'डॉ. आंबेडकरांच्या सहवासात' हे त्यांचं पुस्तक घरगुती आठवणी म्हणून बाजूला ठेवू नका. जेवण, औषध, झोप, रात्रीचं वाचन यांबद्दल ती बाई सांगते, तेव्हा ती इतिहासच सांगत असते.

बाबासाहेबांच्या पहिल्या पत्नी रमाईंची साक्ष आपल्याकडे नाही, याचं मला फार वाईट वाटतं. उपासमार, चार लेकरांचे मृत्यू, नवरा परदेशात, हे सगळं सोसलेल्या त्या माउलीनं १९३५ मध्ये डोळे मिटले. स्वतःच्या शब्दांत तिनं काय सांगितलं असतं? 'थॉट्स ऑन पाकिस्तान'च्या अर्पणपत्रिकेत बाबासाहेबांनी तिच्या मनाचा मोठेपणा लिहून ठेवला, पण ते शब्द त्यांचे आहेत.

माईंनी लिहिलं, तरी त्यांचं ऐकून घ्यायला आपण तयार नव्हतो. नागपूरच्या दीक्षेनंतर दोन महिनेही झाले नाहीत, ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले आणि संशयाचं बोट थेट या बाईकडे वळलं. जन्मानं ब्राह्मण, एवढं कारण पुष्कळांना पुरलं. सरकारी चौकशीत मृत्यू नैसर्गिक असल्याचं निष्पन्न झालं, तरी कुजबुज थांबली नाही. पुढे कित्येक वर्षं त्या चळवळीपासून दूर, दिल्लीत राहिल्या. दलित पँथरच्या तरुणांनी त्यांना पुन्हा आपल्यात आणलं, याबद्दल त्या तरुणांना मी मनापासून सलाम करते.

बाबासाहेबांचं स्वतःचं म्हणणं मात्र कागदावर आहे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या धम्मग्रंथासाठी १५ मार्च १९५६ ला त्यांनी प्रस्तावना लिहिली. विझू लागलेली आपली ज्योत पुन्हा पेटली ती पत्नीच्या आणि डॉ. मालवणकरांच्या वैद्यकीय कौशल्यामुळे, असं त्यांनी त्यात नोंदवलं. १९५७ च्या पहिल्या आवृत्तीत ती प्रस्तावना छापलीच गेली नाही. या १४ ऑक्टोबरला दीक्षाभूमीवर पुस्तकांचे स्टॉल लागतील तेव्हा धम्मग्रंथ घेताना आतली पानं चाळा, प्रस्तावना आहे का बघा. नसेल तर विक्रेत्याला विचारा. आणि शेजारी माईंचं पुस्तक असेल, तर तेही घरी न्या.