तपकिरी पानांना हात लावू नका

श्रोतेहो, नमस्कार.

पावसाळ्यात आंबोलीच्या घाटात गेलात, की जुन्या झाडांच्या जाड फांद्यांवर एक नेचं ठाण मांडून बसलेलं दिसतं. बुडाशी सुकलेल्या तपकिरी पानांचा गुच्छ आणि त्यातून वर आलेली हिरवीगार, कातरलेली पानं. आपल्याकडे त्याला बाशिंग म्हणतात. आज बोलायचंय ते त्याच्याच कुळातल्या एका पाहुण्याबद्दल, स्टॅगहॉर्न फर्नबद्दल. पानं अगदी सांबराच्या शिंगांसारखी फाटे फुटलेली. शास्त्रीय नाव प्लॅटिसेरियम, म्हणजे ग्रीकमध्ये रुंद शिंग. याच्या सुमारे १८ जाती आहेत. रोपवाटिकेत बहुधा मिळते ती बायफर्केटम, मूळची पूर्व ऑस्ट्रेलियाकडची. भारतातही मणिपूरच्या जंगलात वालिची नावाची एक जात आहे, पण ती रानातून ओरबाडून आणलेली कुणी विकत असेल तर कृपा करून घेऊ नका.

या झाडाला पानं दोन तऱ्हेची येतात. शिंगांसारखी लोंबणारी पानं सगळ्यांच्या नजरेत भरतात. दुसरी गोल, ताटलीसारखी, आधाराला चिकटून वाढणारी. ती आधी पोपटी, मऊ असतात आणि काही महिन्यांत वाळून कागदासारखी तपकिरी होतात. माझ्या पहिल्या झाडाची ही पानं मला मेलेली वाटली. एका रविवारी मी ती सगळी सोलून काढली. आतली काळसर, ओलसर मुळं उघडी पडली आणि उन्हाळा संपायच्या आत झाड गेलं. ती पानंच मुळांचं पांघरूण असतात. पाणी आणि वरून पडलेला पालापाचोळा धरून ठेवतात. नवं ताट जुन्यावर येतं, थरावर थर चढतो. हे मला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं, म्हणून आज मी तुम्हाला सांगतोय.

हे झाड मातीत लावायचं नाही. रंग किंवा पॉलिश नसलेली, साधारण फूटभर लांबीची सागाची फळी घ्या. मधोमध ओंजळभर भिजवलेलं मॉस ठेवा; नसेल तर नारळाचा काथ्या चालतो. रोप त्यावर टेकवा आणि मासेमारीच्या नायलॉन दोऱ्याने ताटपानांवरून आडवेतिडवे वेढे घेऊन बांधा. वेढे तपकिरी पानांवरून गेले तर उत्तम. जिथून नवी पानं फुटतात तो मधला लवदार कोंब मात्र मोकळा राहू द्या. त्यावर मॉसही नको, दोराही नको. तो कुजला की त्या रोपाचं काही खरं नाही. पुढे नवी ताटपानं दोरा झाकून टाकतात.

फळी भिंतीवर उभी टांगा, सकाळचं कोवळं ऊन येईल तिथे. दुपारच्या उन्हाने पानं करपतात. पाणी द्यायचं की नाही, हे वार बघून ठरवू नका. फळी उचलून पाहा. हलकी लागली तर बादलीत दहा-पंधरा मिनिटं बुडवा, निथळू द्या, मग परत टांगा. पुण्यात एप्रिल-मे महिन्यांत मला आठवड्यातून दोनदा बुडवावी लागते. पावसाळ्यात कित्येक दिवस हातसुद्धा लावावा लागत नाही, आणि जास्त पाण्याने झाडं मरतात तीही याच दिवसांत. खत महिन्यातून एकदा, पातळ करून, पुरे. ताटपानांच्या मागे केळीची सालं खोचायचा सल्ला तुम्हाला मिळेल. माझ्या घरी त्याने फक्त चिलटं आली.

पानांवरची पांढरी लव धूळ समजून पुसू नका, उन्हापासून आणि सुकण्यापासून ती पानाला जपते. आणि शिंगांच्या टोकांशी, खालच्या अंगाला तपकिरी मखमल दिसली तर औषध फवारू नका. ते बीजाणू आहेत. झाड मोठं झालंय.

बायफर्केटमला कडेने पिल्लं येतात. पिल्लू तळहाताएवढं झालं, की धारदार सुरीने मुळांसकट आणि त्याच्या ताटपानांसकट वेगळं करा. माझ्या भिंतीवरच्या झाडाचं असंच एक पिल्लू गेल्या पावसाळ्यात शेजारच्या काकूंकडे गेलं. परवा त्यांनी मला हाक मारून दाखवलं. पहिलं ताटपान तपकिरी होऊ लागलंय, आणि त्यांनी त्याला हात लावलेला नाही.

नमस्कार.