सॉरी, फ्लॅट आत्ताच गेला

[दृश्य: सकाळची ऐरोली. ठाण्याहून आलेली लोकल रिकामी होते, गर्दी आयटी पार्ककडे वळते.]

निवेदन:
ऐरोली, रबाळे, घणसोली, महापे. या पट्ट्यातल्या ऑफिसांत ‘ऑनसाइट’, म्हणजे कंपनीनं परदेशात ग्राहकाकडे कामाला पाठवणं, हा शब्द जरा खालच्या आवाजातच उच्चारला जातो, न जाणो दृष्ट लागायची. नाव लागलं की तयारी सुरू. व्हिसा, थर्मल, छोटा कुकर, गोडा मसाला. पण तिथला माणूस आपल्याला बघण्याआधीच आपल्याबद्दल काय ठरवून बसलाय, याचा विचार बॅग भरताना कोणी करत नाही.

साधारण ठरलेलं असतं ते असं: भारतीय म्हणजे कॉम्प्युटरवाला, घरात मसाल्याचा वास, प्रत्येक कामाला ‘हो’ आणि काम मात्र उशिरा. तोंडावर फारसं कोणी बोलत नाही. कँटीनमध्ये फार तर ‘इंग्रजी इतकं चांगलं कसं?’ एवढंच. त्यावर ‘शाळेत शिकलो’ म्हणावं आणि जेवावं.

झळ बसते ती घर शोधताना.

[दृश्य: अमेरिकेतला जुना महामार्ग, कृष्णधवल.]

समाजशास्त्रज्ञ रिचर्ड लापिएर 1930 ते 1932 या काळात एका चिनी जोडप्याबरोबर मोटारीनं अमेरिका फिरले. चिन्यांबद्दल तेव्हा तिथे उघड आकस होता. तरी 251 हॉटेलं आणि खाणावळींपैकी नकार मिळाला फक्त एकीकडे. सहा महिन्यांनी त्यांनी त्याच ठिकाणांना पत्रं लिहिली: चिनी गिऱ्हाईक घ्याल का? ज्यांनी उत्तर दिलं त्यांतल्या 90 टक्क्यांहून जास्त जणांनी ‘नाही’ कळवलं. आता, बरोबर गोरा प्राध्यापक होता, आणि पत्राला उत्तर देणारा तोच काउंटरवरचा माणूस असेल असंही नाही. हे आक्षेप रास्तच आहेत. पण कागदावर नकार देणं सोपं जातं, समोर उभ्या माणसाला देणं जड जातं, हे घर शोधणाऱ्याला आजही पदोपदी जाणवतं.

[दृश्य: जर्मन शहरातली रहिवासी इमारत, दारावर नावांच्या पाट्या.]

जर्मनीचं उदाहरण घेऊ. परक्या आडनावाच्या ई-मेलला उत्तर येत नाही, किंवा येतं ते ‘फ्लॅट गेला’ असं. म्हणून पहिल्याच मेलमध्ये नोकरीचा करार, मागच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा आणि राहणार किती जण ते द्यावं. आधीच्या घरमालकाकडून भाडं थकलेलं नसल्याचा दाखलाही मागतात. तो नव्यानं आलेल्याकडे नसतो. ‘शुफा’ हा पतअहवालही नसतो, कारण तिथे अजून काही व्यवहारच झालेला नसतो. ते आपणहून सांगावं आणि कंपनीचं पत्र जोडावं, नाहीतर मालक त्या रिकाम्या जागेत स्वतःच्या कल्पना भरतो. डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांचं मूळ भाडं, याहून जास्त मागता येत नाही. आणि जमेल तिथे घर बघायला स्वतः जावं, दहा मिनिटं आधी.

वासाचा मुद्दा मात्र निव्वळ पूर्वग्रह म्हणून झटकता येत नाही. थंडीत खिडक्या बंद असतात आणि फोडणीतलं तेल वाफेबरोबर वॉलपेपरवर, कार्पेटवर जाऊन बसतं. तिथल्या बऱ्याच फ्लॅटमधली चिमणी हवा बाहेर टाकतच नाही, गाळून परत खोलीत सोडते. धातूची जाळी फक्त तेलकटपणा अडवते. वास शोषतो तो कोळशाचा फिल्टर, आणि तो जुना झाला की बदलावाच लागतो, धुऊन भागत नाही. फोडणी झाल्यावर खिडकी पूर्ण उघडून पाच-दहा मिनिटं वारा खेळू द्यावा. तासभर किलकिली ठेवली तर वास जात नाही, भिंत गार पडते आणि बुरशी धरते.

पण तेवढ्यावरून घरच नाकारायचं? इंग्लंडमधल्या केंट परगण्यातल्या एका घरमालकानं मसाल्याच्या वासाचं कारण देऊन भारतीय आणि पाकिस्तानी भाडेकरू नकोत असं एजंटला कळवलं होतं. 2017 मध्ये कोर्टानं ते बेकायदा ठरवलं. जर्मनीत 2006 पासून समान वागणुकीचा कायदा आहे, पण दावा दोन महिन्यांत कळवावा लागतो आणि पुरावा लागतो. जाहिरातीचा स्क्रीनशॉट, मेलची तारीख-वेळ जपून ठेवावी. जर्मन नावाच्या मित्राला तसाच अर्ज करायला सांगून काय उत्तर येतं ते बघतात, तेही पुराव्यात धरलं जातं. मालक स्वतः त्याच आवारात राहत असेल तर मात्र बहुधा हात टेकावे लागतात.

ऑफिसातल्या ‘हो’बद्दल थोडक्यात. आपण मान हलवतो ती ‘ऐकतोय’ म्हणून, समोरचा धरतो ‘जमेल’ म्हणून. गुरुवारी द्यायचं काम अडलंय हे सोमवारीच ठाऊक असतं, पण सांगितलं जातं बुधवारी रात्री. डच किंवा जर्मन मॅनेजर अडचणीवर चिडत नाही, उशिरा कळल्यावर चिडतो. मीटिंग संपताना काय, कधीपर्यंत आणि कशावाचून अडेल हे आपल्या तोंडून सांगितलं की निम्मा गैरसमज तिथेच मिटतो.

[दृश्य: खारघर. इस्टेट एजंटचं दुकान, काचेवर ‘1 बीएचके भाड्याने’.]

इकडे एजंटचा फोनवरचा पहिला प्रश्न असतो, ‘फॅमिली की बॅचलर? व्हेज की नॉनव्हेज?’ त्यात भाडेकरू नायजेरियाचा निघाला तर ‘सॉरी, फ्लॅट आत्ताच गेला.’ कारण सांगतात पोलिसांच्या कटकटीचं. प्रत्यक्षात घरमालकाला परदेशी भाडेकरूची माहिती 24 तासांच्या आत ऑनलाइन कळवायची असते. पासपोर्ट आणि व्हिसाच्या प्रती जवळ असल्या की ते घरबसल्या होतं.