विरजणाची वाटी आणि निळी तबकडी

नमस्कार. कोल्हापुरात शिवाजी पेठेत माझी आत्या एकटी राहते. तिचा मुलगा नोकरीनिमित्त परगावी असतो आणि रोज रात्री न चुकता व्हिडिओ कॉल करतो. गेल्या पावसाळ्यात ती न्हाणीघरात घसरली, उजवे मनगट सुजले. तरी चार दिवस मुलाला पत्ता लागला नाही, कारण फोन ती डाव्या हातात धरत होती. ध्यानात आले ते शेजारच्या काकूंच्या. त्या विरजण मागायला आल्या होत्या आणि आत्याला वाटी उचलताना कळ आलेली त्यांनी पाहिली.

तंत्रज्ञानाने माणसे कशी दुरावतात, याचे सर्वांत नेमके चित्र मला ई. एम. फॉर्स्टर यांच्या ‘द मशीन स्टॉप्स’ या १९०९ च्या कथेत सापडले. तिच्यातली माणसे जमिनीखाली, पोळ्यातल्या घरांसारख्या षट्कोनी खोल्यांत एकेकटी राहतात. अन्न, कपडे, संगीत, आंघोळीचे गरम पाणी, सारे कळ दाबताच हजर होते. वॅश्टी नावाच्या बाईचा मुलगा कुनो तिला निळ्या तबकडीवर दिसतो आणि विनवतो, की यंत्रातून नको, प्रत्यक्ष येऊन भेट. प्रवासाची सोय असूनही तिला जावेसे वाटत नाही. चेहऱ्यावरचे बारीक भाव यंत्र पोचवत नाही, पण कामापुरते दिसते आणि तेवढ्यावर तिचे भागते. अखेर ती जाते, तेव्हाही मुलाचा हात हातात घेत नाही. त्या जगात स्पर्श असभ्य ठरलेला आहे.

मला भीती वाटते ती या ‘भागण्या’ची. रे ब्रॅडबरी यांच्या १९५३ च्या ‘फॅरनहाइट ४५१’ या कादंबरीतही भिंतीवरच्या पडद्यांत रमलेल्या बायकोला, आपली आणि नवऱ्याची पहिली भेट कुठे झाली, हे आठवत नाही. तिथे जुलमी सत्ता तरी आहे. फॉर्स्टर यांच्या कथेत मात्र भेटीची गरजच हळूहळू संपते. आमच्या कोल्हापुरात गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर म्हशीची धार काढून होईपर्यंत थांबावे लागते, म्हणून अनोळखी माणसेही बोलू लागतात. दही मोबाइलवरून घरपोच मिळते, ही सोय वयस्करांना हवीच. पण विरजणाच्या निमित्ताने जी शेजारीण उंबरठा ओलांडते, तिची जागा पाकीट भरून काढत नाही.

यंत्र कायमचे बंद पडते, तेव्हा त्या कोसळत्या जगात मायलेकरे प्रथमच एकमेकांना जवळ घेतात. काकूंचा निरोप मिळताच आत्याचा मुलगा पहाटेच्या एस.टी.ने आला आणि तिचे मनगट हातात घेऊन बराच वेळ काही न बोलता बसून राहिला.