बफलोच्या कोर्टातली तारीख

मित्रहो, आज मी तुम्हाला एका न्यायाधीशाविषयी सांगणार आहे. त्यांचं नाव रॉबर्ट रसेल. न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम टोकाला, ईरी सरोवराच्या काठी बफलो नावाचं शहर आहे. नायगारा तिथून जवळच. एके काळी पोलादावर जगणारं हे शहर. १९८०च्या दशकात शेजारच्या लॅकावानामधला अवाढव्य पोलाद कारखाना बंद पडत गेला, हातचं काम गेलं, आणि रिकाम्या घरांच्या गल्ल्यांमध्ये क्रॅक कोकेन, म्हणजे ओढायचं स्वस्त कोकेन, आलं. त्या शहराच्या सिटी कोर्टात रसेल बसत. आपल्या न्यायदंडाधिकाऱ्यांच्या कोर्टाशी त्याचं बरंच साम्य आहे. मोठ्या घटनात्मक प्रश्नांचा निकाल तिथे लागत नाही. तिथे येतात ते चोऱ्यामाऱ्या करणारे, दारू पिऊन मारामारी करणारे, खिशात पुडी सापडलेले. आणि तीच माणसं पुन्हा पुन्हा येतात.

हे 'पुन्हा पुन्हा' नीट लक्षात घ्या. फौजदारी वकिली केलेल्या कुणालाही ते माहीत आहे. गर्दच्या नादाला लागलेला मुलगा कोर्टात उभा असतो, टर्की, म्हणजे नशा तुटल्याचा त्रास, लागलेली असते, हात थरथरत असतात, नाक वाहत असतं. तो गुन्हा कबूल करतो, कारण त्याला तिथून सुटायचं असतं. दंड होतो किंवा आत काढलेल्या दिवसांवर भागतं. काही महिन्यांनी तोच मुलगा, तेच कलम. मधल्या काळात त्याचं काय झालं, हे विचारण्याची जबाबदारी कुणाचीच नसते. आरोप सिद्ध झाला, शिक्षा दिली, कोर्टाचं काम संपलं.

अमेरिकेने यावर आधी कठोरपणाचा उपाय केला. १९८६च्या संघीय कायद्याने पाच ग्रॅम क्रॅकला किमान पाच वर्षं कैद ठेवली. त्याच कोकेनच्या पांढऱ्या भुकटीला तेवढ्याच शिक्षेसाठी पाचशे ग्रॅम लागत. क्रॅकच्या खटल्यांत सापडणारे बहुतेक कृष्णवर्णीय, म्हणजे हा शंभरपट फरक कुणाच्या पाठीवर पडला हे सांगायला नको. २०१०पर्यंत तो तसाच राहिला. तुरुंग भरले, व्यसन मात्र हटलं नाही.

पहिली वेगळी वाट निघाली ती मायामीत, १९८९ साली. हर्बर्ट क्लाइन या न्यायाधीशांनी प्रश्नाचा अभ्यास केला, तिथल्या सरकारी वकील जॅनेट रेनो पाठीशी उभ्या राहिल्या. याच रेनो पुढे देशाच्या अ‍ॅटर्नी जनरल झाल्या. आणि ते कोर्ट प्रत्यक्ष चालवायला बसले स्टॅनली गोल्डस्टाइन, जे आधी पोलीस होते. 'ड्रग कोर्ट' ही कल्पना तिथे जन्मली. रसेल यांनी बफलोत ती १९९५मध्ये सुरू केली. रसेल स्वतः कृष्णवर्णीय आहेत. समोर कुणाची मुलं उभी आहेत, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

हे कोर्ट चालतं कसं ते जरा सविस्तर सांगतो, कारण सगळं मर्म तिथेच आहे. कोर्ट भरण्याआधी न्यायाधीश, सरकारी वकील, आरोपीचा वकील, उपचार केंद्राचा माणूस आणि केस सांभाळणारा कार्यकर्ता एकत्र बसतात. प्रत्येकाविषयी बोलणं होतं: अमका या आठवड्यात समुपदेशनाला गेला का, लघवीच्या तपासणीत काय निघालं, राहायला जागा मिळाली का. आपल्याकडे सरकारी वकील आणि बचावाचा वकील एका टेबलाशी बसून आरोपीच्या घरभाड्याची चर्चा करताहेत, हे डोळ्यांसमोर आणून पाहा. मग पुकारा होतो. आरोपी पुढे येतो आणि न्यायाधीश थेट त्याच्याशी बोलतात. वकिलामार्फत नाही, त्याच्याशी. मुलगी शाळेत जायला लागली का? कामाच्या मुलाखतीचं काय झालं? चांगलं चाललं असेल तर भरल्या कोर्टात टाळ्या वाजतात. चाचणीत नशा निघाली तर कानउघाडणी होते, अटी कडक होतात, कधी दोन-चार दिवस कोठडीही. सुरुवातीला दर आठवड्याला यायचं, पुढे पुढे अंतर वाढतं. वर्षभर किंवा त्याहून जास्त काळ हे निभावलं, की आरोप रद्द होतो किंवा सौम्य होतो, आणि त्याचा समारंभ होतो. त्याला ते पदवीदान म्हणतात. घरचे लोक येतात.

म्हणजे रसेल यांच्या हातातलं मुख्य साधन कोणतं? तारीख. आपल्या कोर्टांची सगळ्यात बदनाम गोष्ट. आपल्याकडे माणूस तारखेला येतो, दिवसभर बाकावर बसतो, रोजनाम्यात दोन ओळी पडतात आणि तो पुढची तारीख घेऊन जातो. त्याच्या तोंडाकडे कुणी पाहिलेलंही नसतं. बफलोत तारीख म्हणजे भेट. तोच न्यायाधीश, तोच माणूस, मागच्या वेळी काय ठरलं होतं ते दोघांच्याही लक्षात. ज्याला घरचे, शेजारचे, मालक सगळे विटलेले असतात, त्याला एक अधिकारी माणूस दर आठवड्याला नावाने हाक मारतो आणि उत्तराची वाट पाहतो. व्यसनात सगळ्यात आधी शब्दाची किंमत जाते. घरी दिलेला शब्द, बायकोला दिलेला शब्द. इथे दिलेल्या शब्दाचा हिशेब पुढच्या तारखेला होतो, आणि तो पाळला गेला तर त्याची नोंद घेणारं कुणीतरी असतं.

हे केवळ माझं भाबडं मत नाही. २०११मध्ये अमेरिकेत एक मोठा अभ्यास पूर्ण झाला. २३ ड्रग कोर्टांतली माणसं आणि तशीच पण नेहमीच्या कोर्टांतून गेलेली माणसं यांची तुलना त्यात होती. ड्रग कोर्टातल्यांपैकी ५६ टक्क्यांनी मधल्या वर्षात नशा केल्याचं सांगितलं. दुसऱ्या गटात हे प्रमाण ७६ टक्के होतं. गुन्हा केल्याचं सांगणारे ४० विरुद्ध ५३ टक्के. आकडे जादूचे नाहीत. निम्म्याहून जास्त लोक घसरलेच. पण फरक खरा आहे, आणि तो कशामुळे पडला हे शोधताना एक गोष्ट ठळक दिसली: न्यायाधीश आपल्याशी आदराने, न्यायाने वागतात असं ज्यांना वाटलं, त्यांच्यात सुधारणा जास्त होती.

आता रसेल यांच्या कारकिर्दीतला तो प्रसंग, जो त्यांनी स्वतः अनेक ठिकाणी सांगितला आहे. एक माणूस त्यांच्यासमोर येत असे, व्हिएतनाम युद्धात लढलेला. उपचारात त्याचं चित्त नव्हतं. खांदे पाडून उभा राहायचा, मान खाली, विचारलं तर हुंकारायचा. रसेल यांचं सगळं कौशल्य त्याच्यापुढे थकलं. त्या दिवशी कोर्टात त्यांचे दोन सहकारी हजर होते, दोघेही व्हिएतनाममध्ये लढलेले. रसेल यांनी त्यांना सांगितलं, जरा याला बाहेर घेऊन जा, बोला. ते तिघे बाहेरच्या व्हरांड्यात गेले. परत आला तेव्हा तो माणूस ताठ उभा राहिला, सैनिक 'विश्राम'मध्ये उभा राहतो तसा, हात पाठीमागे, नजर न्यायाधीशांच्या नजरेत. म्हणाला, मी आता जास्त प्रयत्न करीन.

व्हरांड्यात काय बोलणं झालं? मला वाटतं, ते फार मोलाचं काही नसेलही. तू कुठे होतास, कोणत्या तुकडीत, एवढंच असेल. पण रसेल यांनी त्यातून जे केलं ते फार थोडे लोक करतात. त्यांनी त्याला योगायोग मानून सोडून दिलं नाही, त्यातून व्यवस्था उभी केली. जानेवारी २००८मध्ये बफलोत माजी सैनिकांसाठी स्वतंत्र उपचार न्यायालय सुरू झालं, देशातलं पहिलं मानलं जाणारं. सगळे माजी सैनिक एकाच दिवशी येणार. प्रत्येकाच्या सोबतीला एक स्वयंसेवक, तोही सैनिकच. आणि माजी सैनिकांच्या खात्याचा कर्मचारी लॅपटॉप उघडून कोर्टातच बसलेला, म्हणजे दवाखान्याची वेळ तिथल्या तिथे ठरणार. इराक आणि अफगाणिस्तानातून मुलं परतत होती. त्याच वर्षी रँड या संशोधन संस्थेच्या अहवालाने दाखवलं, की त्यांच्यातल्या सुमारे पाचांतल्या एकाला युद्धाघाताचा मानसिक विकार किंवा तीव्र नैराश्य आहे. त्यावर दारू आणि गोळ्या हाच अनेकांचा उपाय होता. आज अमेरिकेत अशी शेकडो न्यायालयं आहेत.

आपल्या पुण्यात हे तत्त्व कुणी नवीन म्हणून सांगू नये. येरवड्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६पासून त्याच वाटेने चालत आलं आहे: जो त्यातून बाहेर आला, तोच नव्याने आलेल्याच्या शेजारी बसतो. फरक एवढाच, की बफलोत हे कोर्टाच्या आत शिरलं.

ड्रग कोर्टांवरचे आक्षेपही खरे आहेत, ते झाकून ठेवायचे नाहीत. पुष्कळ ठिकाणी आधी गुन्हा कबूल करावा लागतो, आणि कार्यक्रमात नापास झालं की काही वेळा नेहमीपेक्षा जास्त शिक्षा पदरी पडते. कित्येक न्यायाधीशांनी मेथाडोन, ब्युप्रेनॉर्फिन अशी हेरॉइनची ओढ कमी करणारी औषधं बंद करायला लावली, एका नशेऐवजी दुसरी नको म्हणून. हे डॉक्टरचं काम होतं, न्यायाधीशाचं नव्हे, आणि त्याने माणसं दगावण्याचा धोका वाढतो. २०१५पासून संघीय अनुदानालाच अट आली, की अशी औषधं बंद करण्याची सक्ती करायची नाही. माझा स्वतःचा सगळ्यात मोठा आक्षेप कोठडीवर आहे. पुन्हा नशा होणं हे या आजारात घडतंच. त्यासाठी माणसाला आत टाकणं मला पटत नाही, मग ते दोनच दिवस असोत.

बफलोने इथेही एक पाऊल पुढे टाकलं. हेरॉइन आणि वेदनाशामक गोळ्यांची लाट आली, तेव्हा एकाच आठवड्यात ड्रग कोर्टातल्या तिघांचा अतिसेवनाने मृत्यू झाला. पुढच्या तारखेपर्यंत माणूस जिवंत राहील याचीच खात्री उरली नाही. म्हणून मे २०१७मध्ये तिथे ओपिऑइड, म्हणजे अशा अफूवर्गीय नशेसाठीचं, न्यायालय सुरू झालं. अटकेनंतर काही तासांत उपचार सुरू, खटला तोवर बाजूला, आणि महिनाभर रोज न्यायाधीशांसमोर हजेरी. तिथे तेव्हा बसणारे न्यायाधीश क्रेग हॅना यांनी आपण स्वतः व्यसनातून बाहेर आल्याचं जाहीरपणे सांगितलेलं आहे.

आता इथे बसलेल्या वकील मित्रांसाठी. आपल्याकडे कायदा नाही असं म्हणू नका. १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात, म्हणजे एनडीपीएसमध्ये, कलम ३९ आहे. सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या व्यसनी माणसाला कोर्ट त्याच्या संमतीने शिक्षेऐवजी सरकारी किंवा मान्यताप्राप्त केंद्रात उपचारांसाठी सोडू शकतं. त्याने बंधपत्र द्यायचं आणि एका वर्षाच्या आत हजर होऊन उपचाराचा अहवाल सादर करायचा. कलम ६४अ तर सांगतं, की जो व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त केंद्रात पूर्ण उपचार घेईल त्याच्यावर अशा गुन्ह्यासाठी खटलाच चालणार नाही. आपल्या अशिलासाठी हे अर्ज करा. आणि कलम ३९मध्ये 'एका वर्षाच्या आत' म्हटलं आहे, वर्षानेच बोलवा असं कुठेही म्हटलेलं नाही. तेव्हा पंधरा दिवसांची तारीख मागा. त्या दिवशी त्या मुलाला पुढे उभं करा आणि साहेबांना विनंती करा, की दोन मिनिटं त्याच्याशी बोला.

सोबतीच्या माणसाचं काय, असं तुम्ही विचाराल. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने २०१५मध्ये अमली पदार्थांच्या बळींसाठीच योजना आणली, आणि प्रत्येक जिल्ह्याच्या प्राधिकरणाकडे विधी स्वयंसेवक असतात. त्यांच्यात व्यसनमुक्त झालेली माणसं घ्या, अशी मागणी आपल्या जिल्ह्यात लेखी करा. अर्जाचा नमुना मी सोबत आणला आहे. बाहेर टेबलावर ठेवतो, जाताना घेऊन जा. आता प्रश्न असतील तर विचारा.